घरातला खेळाडू निवृत्त होतो तेव्हा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या बोरिवलीच्या दवाखान्यात एक जुने रुग्ण आले. वय ७८, रेल्वेतून निवृत्त, गेली १८ वर्षे माझ्याकडे येणारे. औषध चुकवणे त्यांच्या स्वभावात नाही. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेली गोळ्यांची डबी ते मला दाखवण्यासाठी खिशात घालून आणतात. त्या दिवशी मात्र रक्तदाब १७२/९८ निघाला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. जेवणात मीठ वाढले का, पापड-लोणची सुरू झाली का, सर्दीसाठी दुकानातून परस्पर काही आणून घेतले का, असे नेहमीचे प्रश्न विचारून झाले. सगळ्यांचे उत्तर ‘नाही’. शेवटी मी विचारले, ‘‘काका, झोप कशी लागते?’’ तेव्हा खाली पाहत ते म्हणाले, ‘‘डॉक्टर, नातू हॉकी सोडतो म्हणतोय.’’

त्यांची अनुमती घेऊन आणि ओळख पटेल असा तपशील बदलून ही हकिगत आपणांस सांगत आहे. नातू २७ वर्षांचा. सातवीत असताना त्याच्या हाती हॉकीची काठी आली ती आजोबांमुळेच. आईवडील दोघेही नोकरीला. तेव्हा पहाटेची चर्चगेट लोकल, खांद्याला काठ्यांची लांबट पिशवी, ती कोणाला लागली की डब्यातल्या प्रवाशांची कुरबुर, आणि चर्चगेटच्या हॉकी मैदानावर पोराचा सराव संपेपर्यंत वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचत बसणे, हे सारे काकांनी वर्षानुवर्षे केले. मुलगा पुढे राज्याच्या संघात गेला, खेळाडूंच्या राखीव जागेतून एका सरकारी उपक्रमात नोकरीला लागला, दोनदा राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोहोचला. त्याच्या अभिनंदनाचा फलक आमच्या नाक्यावर लागला होता, तो मीही पाहिला आहे. आता तो म्हणतो, हा हंगाम खेळेन आणि थांबेन. काकांच्या मते हे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे होते. ‘‘मी साठाव्या वर्षी सुटलो. सत्तावीस हे काय निवृत्तीचे वय झाले?’’

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. औषधाची मात्रा तात्पुरती थोडी वाढवली, आठवड्याने बोलावले. पण त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हॉकीपटू नसेल. कबड्डीपटू असेल, जलतरणपटू असेल, टेबल टेनिस खेळणारी नात असेल. ज्या मुलांसाठी सारे घर पहाटे उठत आले, ती एके दिवशी जेवणाच्या ताटावरून ‘आता बस’ असे म्हणतात, आणि घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाचा रक्तदाब चढतो. वैद्यकाच्या पुस्तकात असा आजार लिहिलेला नसतो. दवाखान्यात मात्र तो येतो.

सत्तावीसचा विरेन, छत्तीसचा धनराज

सत्तावीस हा आकडा ऐकताच मला विरेन रस्किन्हा आठवला होता. मुंबईचा हा मध्यफळीतला खेळाडू. २००१ साली होबार्टला कनिष्ठ विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळला, २००६ चा विश्वचषक खेळला. अर्जुन पुरस्कार मिळाला, १८० आंतरराष्ट्रीय सामने झाले. आणि २००८ च्या आरंभी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. कारण त्याने सरळ सांगितले: व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यायचे आहे, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये. त्या वेळी बीजिंग ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा तोंडावर आली होती. मार्च २००८ मध्ये सांतियागो येथे भारत ब्रिटनकडून हरला आणि १९२८ नंतर प्रथमच आपला हॉकी संघ ऑलिंपिकला मुकला. अशा हंगामात भरात असलेला खेळाडू बाजूला होतो, तेव्हा हळहळ वाटणारच. मलाही वाटली होती.

पण पुढे काय झाले ते पाहा. शिक्षण पूर्ण करून विरेन ‘ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट’ या संस्थेत गेला. प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी उभारलेली ही संस्था खेळाडूंना प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, साहित्य, परदेशी सराव असे सर्व प्रकारचे पाठबळ देते. विरेन तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने जी सहा पदके मिळवली, त्यांपैकी सायना नेहवाल, मेरी कोम, गगन नारंग आणि विजय कुमार या चौघांना या संस्थेचे साहाय्य होते. स्वतः खेळत राहून तो आणखी चार-पाच वर्षे देशासाठी धावला असता, हे खरे. पण मैदानाबाहेर जाऊन त्याने जे केले, ते खेळ सोडणाऱ्या माणसाचे काम म्हणवत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. धनराज पिल्ले. खडकीत १९६८ साली जन्मलेला, मोडक्या काठ्या दोरीने बांधून खेळायला शिकलेला. थोरला भाऊ रमेश चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघातून खेळे; त्याच्या आधाराने धनराज मुंबईत आला आणि इथेच घडला. १९८९ ते २००४ अशी कारकीर्द. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक, चार आशियाई क्रीडास्पर्धा. १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली सुवर्णपदक आले. तो थांबला तो छत्तिसाव्या वर्षी, अथेन्सनंतर. त्या स्पर्धेतल्या अखेरच्या सामन्यात त्याला मैदानावर जेमतेम काही मिनिटे मिळाली. ज्याने पंधरा वर्षे स्टेडियम उभे करून ठेवले, त्याला असा निरोप मिळावा याची खंत त्याच्या चाहत्यांना आजही आहे.

दोघांपैकी कोण बरोबर? माझ्या मते दोघेही. एकाला ठाऊक होते की आपल्याला कुठे जायचे आहे, म्हणून तो निघाला. दुसऱ्याला ठाऊक होते की आपण इथेच असायला हवे, म्हणून तो राहिला. डॉक्टर म्हणून मला चिंता वाटते ती तिसऱ्या प्रकारच्या खेळाडूची. तो थकून, दुखावून, कोणाशी न बोलता थांबतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे हे त्याला माहीत नसते.

आणि ‘लवकर’ म्हणजे तरी किती? आपण जन्मतारखेवरून वय मोजतो. खेळाडूचे शरीर ते निराळ्या रीतीने मोजते. भारतीय महिला संघाची माजी कर्णधार राणी रामपाल २०२४ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली तेव्हा ती अवघी २९ वर्षांची होती. कोणीही म्हणेल, फार लवकर. पण ती देशासाठी प्रथम खेळली ती चौदाव्या वर्षी. म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी तिच्या पाठीशी आंतरराष्ट्रीय हॉकीचा दीड दशकाच्या आसपासचा काळ होता, अडीचशेहून अधिक सामने होते, टोकियोतील चौथ्या क्रमांकाची ऐतिहासिक कामगिरी होती आणि त्यानंतर मांडीच्या मागच्या स्नायूची चिवट दुखापतही होती. उलट गोलरक्षक श्रीजेश त्याच वर्षी पॅरिसचे कांस्यपदक घेऊन छत्तिसाव्या वर्षी थांबला. गोलरक्षकाची झीज वेगळी, मैदानभर धावणाऱ्याची वेगळी. शेजारच्या मुलाशी किंवा दूरदर्शनवरच्या ताऱ्याशी आपल्या नातवाची तुलना करण्यात अर्थ नाही, तो यासाठी.

कंबर, गुडघा आणि घरी न सांगितलेली गोळी

महिन्याभराने काकांचा नातू स्वतःच आला. येण्याचे निमित्त गुडघा. तपासता तपासता बाकीचे कळले. सकाळी अंथरुणातून उठल्यावर कंबर मोकळी व्हायला त्याला वीस मिनिटे लागत होती. सामन्यापूर्वी वेदनाशामक गोळी ठरलेली. दोन वर्षांपूर्वी पायाला झालेली एक दुखापत पूर्ण बरी होण्याआधीच तो मैदानावर परतला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे संघाला गरज होती आणि जागा गेली असती. यातले काहीही घरी ठाऊक नव्हते. ‘‘आजोबांना कळले तर ते झोपणार नाहीत,’’ तो म्हणाला. न कळल्यामुळेही ते झोपत नव्हते, हे मी त्याला सांगितले.

हॉकी शरीराकडून काय मागते, याची कल्पना पाहणाऱ्याला क्वचितच येते. हा खेळ वाकून खेळायचा. चेंडू जमिनीलगत, काठी खाली, कणा पुढे झुकलेला आणि त्यातच एका बाजूला पिळलेला. या अवस्थेत वेगाने धावायचे, एकदम थांबायचे, दिशा बदलायची. काठीची एकच बाजू चेंडू मारण्यासाठी वापरता येते, त्यामुळे शरीराच्या दोन बाजूंवर भार सारखा पडत नाही. त्यात १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी गवतावरून कृत्रिम पृष्ठभागावर गेली. खेळ वेगवान झाला आणि पायाची पकड घट्ट झाली. गवतावर पाय थोडा घसरतो, त्याने गुडघ्याचा पीळ वाचतो. कृत्रिम मैदानावर पाय जागच्या जागी रुततो आणि पीळ थेट गुडघ्याच्या आणि घोट्याच्या अस्थिबंधांवर येतो. पेनल्टी कॉर्नरला चेंडू ओढून फेकणाऱ्या खेळाडूंच्या कमरेवर आणि खुब्यावर पडणारा ताण तर निराळाच.

म्हणून खेळाडू ‘आता पुरे’ म्हणतो तेव्हा तो आळसाने म्हणतो असे गृहीत धरू नये. आधी विचारावे: कुठे दुखते? किती दिवसांपासून? गोळ्या घेतोस का, कोणत्या? अस्थिबंध किंवा गुडघ्यातली गादी फाटलेली असेल आणि तिचे उपचार अर्धवट राहिले असतील, तर पुढे त्याच गुडघ्याला झिजेचा संधिवात लवकर होण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. निवृत्तीचा एक फायदा असा, की उपचार पूर्ण करायला अखेर वेळ मिळतो. तो वेळ दवडू नये.

दुसरी गोष्ट पैशाची. क्रिकेटचे आकडे ऐकून आपल्याला वाटते, खेळाडू म्हणजे श्रीमंत. हॉकीत तसे नाही. हॉकी इंडिया लीग २०१३ साली सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली, ती थेट २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. मधल्या वर्षांत ज्यांचे तारुण्य गेले, त्यांना त्या लीगचा पैसा मिळालाच नाही. बहुतेकांचा खरा आधार म्हणजे खेळाच्या जोरावर मिळालेली नोकरी. खेळ थांबला तरी ती सहसा जात नाही, पण मैदानाऐवजी रोज दहा ते सहा टेबलाशी बसावे लागते. ज्याने आठ-दहा वर्षे हजेरीपुस्तकापलीकडे कार्यालय पाहिलेले नाही, त्याला वयाने धाकट्या सहकाऱ्याकडून काम शिकावे लागते. त्यातला कमीपणा खेळाडू बोलून दाखवत नाहीत. पण मला वाटते, पराभवापेक्षा तो अधिक खुपतो.

आणखी एक, काकांच्या जिवाला ज्याने सर्वांत अधिक दिलासा मिळाला ते. निवृत्ती म्हणजे दार कायमचे बंद, असे नसते. टोकियोच्या कांस्यपदकानंतर २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात रूपिंदर पाल सिंग, बिरेंद्र लाकरा आणि एस. व्ही. सुनील या तिघांनी एकापाठोपाठ एक निवृत्ती जाहीर केली. पहिले दोघे तिशी-एकतिशीचे. पुढच्याच वर्षी जकार्तातील आशिया चषकासाठी तिघेही परतले. रूपिंदरला कर्णधार नेमले, पण सरावात मनगटाला दुखापत होऊन तो बाहेर गेला; मग लाकराने नेतृत्व केले, सुनील उपकर्णधार होता, आणि संघाने कांस्यपदक आणले. तेव्हा घरात शोकसभा भरवण्याची घाई करू नये.

पहिला सोमवार

आठवड्याने काका रक्तदाब दाखवायला आले तेव्हा मी त्यांचा जुना केसपेपर काढून ठेवला होता. १८ वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. तक्रार ‘छातीत धडधड’. हृदयाचा आलेख व्यवस्थित होता, थायरॉइड ठीक होते. बोलण्यातून कळले, की निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ते पहाटे साडेचारला उठले, दाढी-आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बोरिवली स्थानकापर्यंत चालत गेले, फलाटावर चार गाड्या सोडल्या आणि घरी परत आले. घरच्यांना सांगितले, फिरायला गेलो होतो. असे त्यांनी बरेच दिवस केले.

‘‘हे तुम्ही नातवाला कधी सांगितले आहे?’’ मी विचारले.

त्यांनी ते बायकोलाही सांगितलेले नव्हते.

आजी-आजोबांनो, या लेखात मला आपल्याशी बोलायचे आहे ते नेमके इथे. सत्ताविसाव्या किंवा तिसाव्या वर्षी खेळ सोडणाऱ्या मुलाच्या घरात निवृत्तीचा अनुभव असलेले माणूस बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे आपण. त्याच्या आईवडिलांना तो अनुभव नाही, प्रशिक्षकाला बहुधा नाही, मित्रांना तर नाहीच. ज्या ओळखीने आपल्याला लोक हाक मारत होते ती एका दिवसात निघून गेली म्हणजे काय होते, दुपार किती लांब वाटते, लोकांनी ‘मग आता काय?’ असे विचारले की पोटात कसे गोळा येतो, हे आपल्याला माहीत आहे. ते त्याला सांगा. उपदेश करू नका, फक्त घडले तसे सांगा. ‘एवढी वर्षे पाण्यात घातलीस’, ‘तुझ्यामागे आम्ही किती खस्ता खाल्ल्या’, ‘चार लोकांना काय सांगू’ ही तीन वाक्ये मात्र कृपा करून तोंडातून काढू नका. पहिले खोटे आहे, दुसरे त्याला ठाऊकच आहे, आणि तिसऱ्याचे ओझे त्याने का वाहावे?

आता थोडे शरीराविषयी, कारण ते पाहणे माझे काम. कठोर सराव एकदम थांबला की दोन ते चार आठवड्यांतच दमसास मोजण्याइतका उतरू लागतो. भूक मात्र त्या वेगाने उतरत नाही. पोळ्या तितक्याच, दूध-तूप तितकेच, शिवाय आता घरी आहे म्हणून आजी प्रेमाने आणखी वाढणार. बघता बघता वजन वाढते, आणि ते नेमके दुखऱ्या गुडघ्यावर येते. वजन एक किलोने उतरले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. वाढले तर हिशेब उलटा. म्हणून व्यायाम तोडायचा नाही, हळूहळू उतरवायचा. पोहणे, सायकल, चालणे, स्नायूंची ताकद टिकवणारे व्यायाम आठवड्यातून पाच दिवस तरी असावेत. आहार त्यानुसार कमी करावा. प्रथिने नव्हे, भात-पोळी-गोडाचे प्रमाण. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे. ‘खेळाडू होतो, मला काय होणार’ हा समज पन्नाशीत फार महाग पडतो.

मनाकडे अधिक लक्ष हवे. पहिले काही आठवडे उदास वाटणे, चिडचिड होणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल किंवा दिवसभर झोपूनच राहत असेल, जेवणावरची वासना गेली असेल, मित्रांना टाळत असेल, दारू वाढली असेल, तर डॉक्टरांना भेटावे. ‘मी नसतो तर बरे’ अशा अर्थाचे काही बोलला, तर एक दिवसही थांबू नये आणि त्याला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक रुग्णांची काळजी वाहणाऱ्यांनी स्वतःसाठीही लिहून ठेवावा.

चाळीस वर्षांनंतरचा गुडघा

काही वाचकांच्या घरी प्रश्न नातवाचा नसून वडिलांचा किंवा सासऱ्यांचा असेल. एके काळी बँकेच्या, रेल्वेच्या, गिरणीच्या संघातून खेळलेले, आज सत्तरीत असलेले बरेच जण आपल्या उपनगरांत राहतात. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे घाटकोपर-मुलुंडला अशी मंडळी सोसायटीच्या बाकावर हटकून भेटतात. चेंडूचा विषय निघाला की त्यांचे डोळे चमकतात. माझ्याकडे येणारे असेच एक गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे. तरुणपणी गुडघ्यात काहीतरी ‘कट्’ झाले होते. आठवडाभर बर्फ लावला आणि पुन्हा खेळले. तो गुडघा आता वाकडा झाला आहे. ते रोज दुकानातून परस्पर डायक्लोफिनॅकची गोळी आणून घेत. सोबत रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले, म्हणजे मूत्रपिंडे कुरकुरू लागली होती.

हे मी ठासून सांगते: साठीनंतर, विशेषतः रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा त्रास असताना, अशी वेदनाशामके डॉक्टरांना न विचारता रोज घेणे धोक्याचे आहे. पोटात व्रण होतो, रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते. त्याऐवजी वरून लावायचे मलम, गरम शेक, जरूर तेव्हा डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा अंक मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली आणावा; दिवसातून तीन वेळा दहा-दहा वेळा. घरात कमोड, न्हाणीघरात धरायला कडी, पायाखाली न घसरणारी चटई. यांना खर्च थोडा लागतो. खुब्याचे हाड मोडले तर होणाऱ्या खर्चापुढे तो काहीच नाही.

राहिला प्रश्न काठीचा. या गृहस्थांनी आयुष्यभर हातात काठी धरली, पण चालण्याची काठी म्हणताच ते रागावत. अखेर त्यांच्या सुनेने युक्ती केली. तिने काठी आणून दाराशी जुन्या हॉकी स्टिकच्या शेजारी उभी केली आणि काहीच बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात ते ती घेऊन खाली उतरले. मात्र दुखऱ्या गुडघ्याच्याच बाजूच्या हातात धरून! ही चूक पुष्कळ जण करतात. काठी विरुद्ध हातात धरावी: उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तितकी काठीची उंची असावी. खालचे रबर झिजले की बदलावे.

काकांच्या नातवाने अजून निवृत्ती जाहीर केलेली नाही. हा हंगाम तो खेळतो आहे, गोळीशिवाय. त्यामुळे दोन सामने बाहेर बसला. कार्यालयात त्याने संगणकाचे प्रशिक्षण मागून घेतले आहे आणि प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमाची चौकशी चालू आहे. कंबरेसाठी फिजिओथेरपी सुरू आहे. गेल्या महिन्यात काका आले, तेव्हा रक्तदाब १३६/८२ होता. वाढवलेली मात्रा मी पूर्ववत केली. आताशा दोघे रविवारी पहाटे नॅशनल पार्कात फिरायला जातात, असे त्यांनी सांगितले.

‘‘फलाटाची गोष्ट सांगितली का?’’ मी विचारले.

‘‘सांगितली,’’ ते म्हणाले. ‘‘हसला. मग म्हणाला, आजोबा, त्या सोमवारी तुम्ही मला उठवा, आपण दोघे जाऊ स्टेशनवर.’’

पुढची तारीख मी सहा आठवड्यांनंतरची दिली आहे.